समुद्रांतील मासळीची वांटणी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं वक्त्यानें गत पन्नास वर्षांचा गोड आढावा घ्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. तो आढावा माझ्याहून अधिक अधिकारी माणसांनीं आज सकाळीं घेतला आहे, व त्यांत भर घालण्यासारखें माझ्यापाशीं फारसें कांहीं नाहीं. म्हणून आपल्यापैकीं निम्म्या घरांच्या चरितार्थाशीं निगडित असलेला एक विषय आपणांपुढें मांडावयाचें मीं योजिलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतांना, एक तरुण तांडेल माझ्याकडे आला. त्यानें विचारलें, "फादर, अमेरिकेंत म्हणे प्रत्येक बोटीला समुद्रांतल्या मासळीचा वांटा आधींच नेमून दिलेला असतो. तसें आपल्याकडे झालें तर आमचें भलें होईल कीं आम्ही देशोधडीला लागूं?" प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर मला त्या दिवशीं देतां आलें नाहीं. त्यानंतर कित्येक महिने मीं या विषयाचें वाचन केलें. आजचें भाषण हें त्या तांडेलाला दिलेलें उत्तर आहे असें समजावें. आणि तो या मंडपांत कोठें बसला असेल तर त्यानें उशीराबद्दल मला क्षमा करावी.

आरंभीं मूळ अडचण काय आहे ती पाहूं. शेताला बांध असतो, समुद्राला नसतो. शेतकऱ्यानें कणसें भरेपर्यंत धीर धरला तर त्या धीराचें फळ त्याच्याच खळ्यांत येतें. मच्छीमारानें लहान मासळी सोडून दिली तर ती मोठी होऊन त्याच्याच जाळ्यांत येईल, याची शाश्वती कोणी देऊं शकत नाहीं. बहुधा ती शेजारच्या बोटीच्या जाळ्यांत जाते. म्हणून समंजस माणूसहि मनाशीं म्हणतो, "मीं नाहीं धरली तर दुसरा धरील." हा विचार सर्वांच्याच मनांत आला म्हणजे बोटी वाढतात, यंत्रें वाढतात, जाळीं वाढतात, आणि मासळी मात्र कमी होत जाते. यांत कोणी एक माणूस दुष्ट असतो असें नाहीं. व्यवस्थाच अशी असते कीं जो थांबेल तो मागें पडेल.

या धांवाधांवीचें टोक पाहावयाचें असेल तर अलास्कांतील हॅलिबट माशाची हकीकत ध्यानांत घ्यावी. हा मोठा चपटा मासा लांब दोरीस गळ लावून धरतात. बोटी वाढत गेल्या तसतसा सरकारनें मोसम लहान केला, आणि 1990 च्या सुमारास मुख्य क्षेत्रांत वर्षभरांतून चोवीस-चोवीस तासांच्या अवघ्या दोन-तीन संधी उरल्या. ठरलेल्या दिवशीं वादळ असो वा समुद्र शांत असो, प्रत्येक बोट निघे. कारण तो दिवस चुकला म्हणजे वर्ष चुकलें. एकाच वेळीं बंदरावर मासळीचा ढीग पडे, भाव उतरे, आणि गिऱ्हाइकाला वर्षभर गोठविलेला मासा मिळे. 1995 सालीं तेथें प्रत्येकाचा वांटा ठरविण्यांत आला. त्यानंतर तोच मोसम सुमारें आठ महिने चालूं लागला, आणि मच्छीमारास आभाळ पाहून समुद्रावर जातां येऊं लागलें. या व्यवस्थेला इंग्रजींत कॅच शेअर म्हणतात. आपण तिला पकडीचे वांटे म्हणूं.

आतां ट्रॉलरच्या मासेमारीकडे वळूं, कारण तांडेलाचा प्रश्न तिच्याविषयींच होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्निया अशीं तीन राज्यें आहेत. तेथील ट्रॉलर जाळें ओढून जी मासळी धरतात तिला तळची मासळी असें नांव आहे. रॉकफिशच्या अनेक जाती, चपटे सोल मासे, सेबलफिश, लिंगकॉड, हेक अशा नव्वदाहून अधिक जातींचा तिच्यांत समावेश होतो. 1976 सालीं अमेरिकेनें कायदा करून किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आपला ताबा सांगितला. आपल्या भारतानेंहि सागरी क्षेत्रांचा कायदा त्याच वर्षीं केला. त्यापूर्वीं त्या किनाऱ्यासमोर सोव्हिएत देशाचीं मोठीं जहाजें हेक मासा धरीत असत. परकीयांच्या जागीं स्वदेशी बोटी याव्यात म्हणून अमेरिकन सरकारनें कर्जाची हमी दिली व करांत सवलती दिल्या. बोटी आल्या, आणि गरजेपेक्षां अधिक आल्या.

मासळीची मात्र वेगळीच गोष्ट होती. रॉकफिश फार सावकाश वाढतो. त्याच्या कित्येक जाती पिलें देण्याजोग्या होण्यास दहा-वीस वर्षें घेतात, आणि यलोआय नांवाची जात शंभर वर्षांहूनहि अधिक जगूं शकते. म्हणजे जाळ्यांत आलेला एखादा मासा तांडेलाच्या आजोबांच्या वयाचा असावयाचा. ही मासळी लवकर भरून येईल असा पूर्वींच्या शास्त्रज्ञांचा अंदाज होता, तो चुकला. 1999 ते 2002 या काळांत नऊ जाती अतिमासेमारीनें खालावल्याचें जाहीर झालें. आणि जानेवारी 2000 मध्यें अमेरिकेच्या वाणिज्यमंत्र्यांनीं या मासेमारीवर आपत्ति ओढवली असल्याचें अधिकृतपणें सांगितलें.

त्या काळचा नियम असा होता कीं, एका बोटीनें दोन महिन्यांत अमुक जातीची अमुक पौंडच मासळी बंदरावर उतरवावी. नियमाचा हेतु चांगला होता. परंतु ट्रॉलच्या जाळ्यांत नाना जाती एकदम येतात. एका जातीची मर्यादा भरली तरी दुसरीसाठीं जाळें टाकावेंच लागे, आणि पहिल्या जातीचे मासे पुन्हां वर आले म्हणजे ते समुद्रांत परत फेकावे लागत. खोल पाण्यांतून एकदम वर ओढलेल्या रॉकफिशच्या पोटांतील वायु फुगतो. तसा परत टाकलेला मासा बहुधा जगत नाहीं. ज्यानें कष्टानें धरला त्यालाच तो मेलेला मासा फेकून द्यावा लागे, आणि उतरलेल्या मालाच्या हिशेबांत तो मासा कोठेंच दिसत नसे. आपण मच्छीमार आहां. चांगली मासळी हातानें पाण्यांत टाकतांना मनाला काय वाटत असेल, हें मीं आपणांस सांगावयास नको.

2003 सालीं बोटी कमी करण्याचा उपाय झाला. 91 बोटी त्यांच्या परवान्यांसह सुमारें 4 कोटि 60 लक्ष डॉलर देऊन या मासेमारींतून कायमच्या काढण्यांत आल्या. एकूण ट्रॉल परवान्यांचा हा सुमारें तिसरा हिस्सा होता. त्या रकमेपैकीं सुमारें 1 कोटि डॉलर सरकारनें दिले. बाकीचें कर्ज मागें राहिलेल्या मच्छीमारांच्या माथीं बसलें, आणि तें त्यांच्या विक्रींतून कापून घेण्यांत येऊं लागलें. त्याच वर्षीं पॅसिफिक मत्स्य-व्यवस्थापन मंडळानें पकडीच्या वांट्यांची योजना हातीं घेतली. या मंडळावर राज्यांचे अधिकारी असतात तसे मासेमारीच्या धंद्यांतील जाणकारहि असतात, आणि त्याच्या सभा लोकांना खुल्या असतात. मुख्य निर्णय नोव्हेंबर 2008 मध्यें झाला, आणि योजना जानेवारी 2011 मध्यें अमलांत आली. विचार सुरू झाल्यापासून अंमल होईपर्यंत सात-आठ वर्षें गेलीं. इतका काळ कशांत गेला, हेंच माझ्या मतें शिकण्यासारखें आहे.

योजनेचें यंत्र समजण्यास अवघड नाहीं. शास्त्रज्ञांच्या अंदाजावरून प्रत्येक जातीची एकूण किती मासळी धरावी तें ठरतें. वांटा हा त्या एकूण मर्यादेचा टक्केवारीनें काढलेला भाग असतो. समजा, एका जातीची ट्रॉलरांसाठीं मर्यादा 1,000 टन ठरली आणि एका माणसाचा वांटा एक टक्का असला, तर त्या वर्षीं त्याच्या खात्यावर 10 टन जमा होतात. मासळी वाढली तर तोच एक टक्का अधिक टनांचा होतो; घटली तर कमी टनांचा. धरलेला प्रत्येक मासा, मग तो ठेवला असो वा फेकला असो, त्या खात्यांतून वजा होतो. खातें उणें झालें तर दुसऱ्याकडून पौंड विकत घेऊन तें भरून काढावें लागतें, आणि तोंवर त्या बोटीला समुद्रावर जातां येत नाहीं. थोडी शिल्लक वा थोडी तूट, दहा टक्क्यांपर्यंत, पुढील वर्षावर नेतां येते.

हिशेब खरा राहावा म्हणून प्रत्येक फेरीला बोटीवर एक निरीक्षक असावाच लागे, आणि बंदरावर माल उतरतांनाहि दुसरा माणूस वजनें पाही. आरंभीं निरीक्षकाच्या खर्चाचा मोठा भाग सरकारनें उचलला. पुढें ती मदत कमी होत गेली आणि सर्व भार बोटवाल्यांवर आला. लहान बोटीला दिवसाकाठचा हा खर्च जड जाऊं लागला, म्हणून 2015 पासून कांहीं बोटींवर माणसाऐवजीं कॅमेरे लावून पाहण्याचा प्रयोग सुरू झाला.

आतां खऱ्या कसोटीकडे येऊं. एकूण किती मासळी धरावी हा प्रश्न गणिताचा आहे, आणि गणित चुकलें तर पुढील वर्षीं सुधारतां येतें. परंतु पहिला वांटा कोणाला द्यावा, हा प्रश्न न्यायाचा आहे. आणि एकदां दिलेला वांटा परत घेणें फार कठीण असतें. त्या सात-आठ वर्षांतील पुष्कळसा वाद या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरला.

पहिला वाद वर्षांचा. कोणत्या वर्षांची पकड पाहून वांटा ठरवावा? मंडळानें बोटींसाठीं 1994 ते 2003 हीं वर्षें धरलीं. 2003 नंतरचीं वर्षें मोजलीं तर वांटा वाढविण्यासाठीं लोक मुद्दाम अधिक मासळी धरतील, ही भीति होती, आणि ती रास्त होती. परंतु योजना प्रत्यक्षांत येईपर्यंत आणखी सात वर्षें उलटलीं. ज्यांनीं मधल्या काळांत पैसा घातला होता त्यांतील कांहीं जण न्यायालयांत गेले. न्यायालयानें सरकारला फेरविचार करावयास लाविलें. फेरविचार झाला, आणि 2013 सालीं जुनींच वर्षें कायम ठेवण्यांत आलीं.

दुसरा वाद माणसांचा. हेक सोडून इतर मासळीचे शेंकडा 90 वांटे ट्रॉल परवान्यांच्या धारकांना देण्यांत आले, आणि 10 वांटे गरज पडेल तेथें वापरण्यासाठीं राखून ठेवले. किनाऱ्यावर उतरणाऱ्या हेक माशाचे शेंकडा 80 वांटे परवानाधारकांना व 20 वांटे मासळी साफ करून बांधणाऱ्या कारखान्यांना मिळाले. कारखान्यांनीं यंत्रांत पैसा घातला आहे, असें त्यास कारण दिलें गेलें. विकत घेऊन रद्द केलेल्या 91 बोटींच्या पकडीचा भाग राहिलेल्या परवान्यांत सारखा वांटला. आतां विचारा, ज्यानें थंडीवाऱ्यांत तें जाळें ओढलें त्या खलाशाला काय मिळालें? पहिल्या वांटणींत कांहीं नाहीं. पुढें बाजारांतून वांटा विकत घेण्यास त्याला मोकळीक होती. पण ज्याच्यापाशीं भांडवल नाहीं त्याला विकत घेण्याची मोकळीक म्हणजे बंद पेढीच्या दारांत उभें राहण्याची मोकळीक होय.

तिसरा वाद साठवणीचा. वांटे विकतां येऊं लागले म्हणजे मोठा लहानाला गिळतो. त्यावर मंडळानें बंधन घातलें कीं, हेक सोडून बाकीच्या मासळीच्या एकंदर वांट्यांपैकीं शेंकडा 2.7 हून अधिक कोणाहि एकाच्या ताब्यांत असूं नयेत. त्याखेरीज एकेका जातीलाहि स्वतंत्र मर्यादा होती. आरंभीचीं तीन वर्षें, म्हणजे 2014 सुरू होईपर्यंत, वर्षाचे पौंड विकण्यास परवानगी होती, पण मूळ वांटा विकण्यास नव्हती. योजना कळण्याआधींच घाईनें कोणी आपला वांटा विकून बसूं नये, हा त्यांतील शहाणपणा.

चौथी अडचण दुर्मिळ माशांची होती. यलोआयची मर्यादा इतकी लहान होती कीं, पहिल्या वर्षीं किनाऱ्यावरील सर्व ट्रॉलरांना मिळून एक टनहि आला नाहीं. एकेका बोटीच्या खात्यावर कांहीं थोडे पौंड. एका दुर्दैवी ओढींत वर्षाचा कोटा संपून बोट बंदरांत अडकावयाची. यावर कॅलिफोर्नियांतील कांहीं मच्छीमारांनीं स्वतःच तोड काढली. त्यांनीं दुर्मिळ जातींचे आपले पौंड एकत्र ठेवले, कोठें ते मासे अधिक सांपडतात याचे नकाशे एकमेकांस दाखविले, आणि त्या जागा टाळण्याचा करार केला. एकाच्या जाळ्यांत अनपेक्षित मासा आला तर तो सर्वांच्या सांठ्यांतून भरून निघे. मासळीची जागा शेजाऱ्याला सांगणें ही गोष्ट तांडेलाच्या स्वभावाविरुद्ध आहे, हें मी जाणतों. पण तेथें तांडेलांनीं ती केली. कारण आतां शेजाऱ्याची चूक ही आपल्याहि नुकसानीची होती.

या योजनेचें फळ काय झालें? चांगलें आधीं सांगतों. फेकून दिल्या जाणाऱ्या मासळीचें प्रमाण फार उतरलें. फेकलेला मासाहि खात्यांतून जातो म्हटल्यावर तो जाळ्यांतच येऊं नये अशी काळजी घेणें लाभाचें झालें. बोटवाल्यांनीं जाळीं बदललीं, रात्रीं कोठें ओढावें व दिवसा कोठें हें बदललें. कांहींनीं ट्रॉल सोडून सेबलफिश पिंजऱ्यांनीं वा गळांनीं धरला. 2014 सालीं या मासेमारींतील तेरा जातींना टिकाऊ मासेमारीचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालें. कॅनरी रॉकफिश 2015 सालीं सुस्थितींत आल्याचें जाहीर झालें, बोकॅशियो व इतर दोन जाती 2017 सालीं, आणि 2019 सालापर्यंत त्या जुन्या नऊ जातींपैकीं यलोआय एवढीच भरून यावयाची राहिली. परंतु हें सर्व श्रेय वांट्यांना देणें खरेपणाचें होणार नाहीं. 2002 पासून मोठीं क्षेत्रें बंद ठेवलीं होतीं, मर्यादा कडक केल्या होत्या, आणि समुद्रानेंहि कांहीं चांगलीं वर्षें दिलीं. वांट्यांनीं त्या कामांत हातभार लावला, असें म्हणणें योग्य होईल.

आतां दुसरी बाजू. बोटी आणखी कमी झाल्या. कांहीं लहान बंदरांत मासळी घेणारा व्यापारीच उरला नाहीं. इतकीं वर्षें रॉकफिश बाजारांत न आल्यामुळें गिऱ्हाइकांनीं दुसरे मासे खाण्याची संवय लावून घेतली होती. म्हणून मासळी परत आली तरी बाजार परत आला नाहीं, आणि कित्येक जातींचा कोटा दरवर्षीं मोठ्या प्रमाणांत न धरतांच राहूं लागला. निरीक्षकाचा पगार, 2003 च्या कर्जाचा हप्ता आणि योजनेचा कर यांचा बोजा लहान बोटीवर अधिक पडला. शिवाय जेथें जेथें वांटे भाड्यानें देतां येतात, तेथें एक नवा प्रकार दिसतो: वांट्याचा मालक घरीं बसतो, दुसरा समुद्रावर जातो, आणि फेरीच्या हिशेबांतून वांट्याचें भाडें आधीं वजा होऊन मग खलाशांचे भाग पडतात. जमिनींत कूळ आणि खोत हें नातें आपल्या कोंकणानें पिढ्यान् पिढ्या भोगलें आहे. तें समुद्रावर नव्यानें उभें राहूं नये, असें मला मनापासून वाटतें.

हें टाळतां येतें काय? येतें, आणि त्याचीं उदाहरणेंहि अमेरिकेंतच आहेत. अलास्काच्या पश्चिमेस, बेरिंग समुद्राच्या कांठीं, मूळ रहिवाशांचीं गरीब गांवें आहेत. त्यांच्या डोळ्यांदेखत मोठे ट्रॉलर पोलॉक मासा धरून नेत, आणि गांवांना कांहींच मिळत नसे. 1992 सालीं पोलॉकच्या एकूण मर्यादेचा शेंकडा साडेसात भाग या गांवांसाठीं राखून ठेवण्यांत आला, व पुढें तो दहा झाला. आज अशीं 65 गांवें सहा संघांत एकत्र आहेत. संघ आपला कोटा भाड्यानें देतात वा स्वतः बोटींत भागीदार होतात, आणि त्या उत्पन्नांतून गांवांत रोजगार, शिक्षण व धक्के यांची सोय होते. कॅलिफोर्नियांत मोरो बे येथेंहि, गांवचे वांटे परगांवीं विकले जाऊं नयेत म्हणून, एका निधीनें ते गांवासाठीं धरून ठेवले आहेत. म्हणजे वांटा हा एका माणसाच्याच नांवें असावा असा निसर्गाचा नियम नाहीं. तो गांवाच्या नांवें असूं शकतो, संघाच्या नांवें असूं शकतो. कोणाच्या नांवें असावा, हें माणसांनीं आधीं बसून ठरवावयाचें असतें.

आतां आपल्या किनाऱ्याकडे पाहूं. आपल्याकडे सरकारचें नियमन आजवर मुख्यतः पावसाळी बंदीचे दिवस, जाळ्याचा प्रकार व किनाऱ्यापासूनचें अंतर यांवरून होत आलें आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा आहे. पकडीचे वांटे ठरविणें येथें सोपें नाहीं. आपल्या जाळ्यांत जाती फार, बोटी फार, आणि मासळी उतरण्याच्या जागा असंख्य. प्रत्येक होडीवर निरीक्षक बसविण्याची गोष्ट हास्यास्पद ठरेल. म्हणून अमेरिकेची योजना उचलून येथें ठेवावी असें मी म्हणत नाहीं.

तरीपण वांटणी ही कल्पना आपणांस परकी नाहीं. डोल मारणाऱ्या मंडळींना ठाऊक आहे कीं, खुंट ठोकण्याची जागा वाटेल त्यानें घ्यावी असा रिवाज नाहीं. ती वहिवाटीनें ठरते, आणि त्या वहिवाटीवरून गांवांगांवांत तंटेहि झाले आहेत. वहिवाट स्पष्ट असते तोंवर शांतता असते. ती तोंडीं राहिली आणि जुने जाणते गेले म्हणजे भांडण सुरू होतें. मासळी अशीच घटत गेली तर आज ना उद्यां कोणी तरी आपल्या समुद्रांतहि वांटे पाडण्याची भाषा बोलेल. त्या दिवशीं पहिला प्रश्न हाच निघेल: गेल्या दहा वर्षांत कोणीं किती मासळी धरली, दाखवा. ज्याच्यापाशीं कागद असेल त्याला वांटा मिळेल.

त्या तांडेलाला माझें उत्तर हेंच आहे. बाळा, वांट्यांची पद्धत मासळी वांचवूं शकते. पण ती तुला वांचवील कीं नाहीं, हें वांटणीच्या दिवसाआधीं तूं काय लिहून ठेवलें आहेस यावर अवलंबून राहील. अमेरिकेंत बोटींच्या पकडीच्या नोंदी होत्या, म्हणून बोटवाल्यांना वांटा मिळाला. कारखान्यांच्या हिशेबाच्या वह्या होत्या, म्हणून कारखान्यांना मिळाला. खलाशी त्याच बोटींवर होता, पण वांटणीच्या गणितांत त्याचें नांव नव्हतें. आपल्याकडे तर आणखी एक वर्ग आहे, जिचें नांव कोणत्याच वहींत नसतें: बोंबील वलांडीवर घालणारी, सुकट वाळविणारी, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गांठणारी आपली कोळीण. अमेरिकेंत कारखान्यांना शेंकडा वीस वांटे मिळाले. येथें कारखान्याचें काम पिढ्यान् पिढ्या हिनें केलें आहे. वांटणीच्या दिवशीं तिच्या बाजूनें काय दाखविणार?

महोत्सवाच्या तयारीसाठीं मीं या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या चाळल्या. त्यांत मला एक गोष्ट दिसली. बोटीच्या मालकाचें मूल असो वा खलाशाचें, प्रत्येकाला एकच ओळ दिलेली आहे. कोणाची ओळ लांब नाहीं, कोणाची गाळलेली नाहीं. आज परदेशीं जाण्याच्या कामीं, वारसाच्या कामीं, त्या ओळी काढून देण्यासाठीं लोक माझ्याकडे येतात. लिहिणाऱ्यानें त्या दिवशीं आळस केला असता तर आज त्या कुटुंबाची किती अडचण झाली असती!

अशीच एक वही आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेनें आजपासून ठेवावी, अशी माझी विनंति आहे. तिच्यांत प्रत्येक फेरीची तारीख असावी, बोटीचें नांव असावें, कोणती मासळी किती उतरली तें असावें. किती लहान मासळी आली व किती फेकली तेंहि प्रामाणिकपणें असावें. मालक व तांडेल यांच्याबरोबर त्या फेरींतील प्रत्येक खलाशाचें नांव असावें. ज्या बाईनें ती मासळी घेतली तिचेंहि नांव असावें. याला फार पैसा लागत नाहीं. एक वही, एक पेन आणि रोज संध्याकाळीं धक्क्यावर अर्धा तास बसणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी लागते. या वहीचा उपयोग उद्यां वांट्यांसाठीं होईल कीं नाहीं, कोण जाणे. पण मासळी खरोखर किती घटली, कोणत्या महिन्यांत घटली, हें सांगण्याचें साधन तरी आपल्या हातीं राहील, आणि सरकारशीं बोलतांना आपला शब्द रिता जाणार नाहीं.

येत्या रविवारीं सकाळच्या मिस्सेनंतर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनीं, तांडेलांनीं, खलाशांनीं आणि मासळी विकणाऱ्या बायांनीं शाळेच्या पडवींत जमावें. पहिली वही मी माझ्याकडून देतों. तींत पहिलें पान कोणीं लिहावयाचें, तें तेथें बसून ठरवूं.

 या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या सर्वांच्या बोटी सुखरूप बंदराला लागोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.